रविवारी डिनरला ये

बाराचा भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातात कालथा होता आणि तव्यावर सहा पॅनकेक. हार्लन क्रीक गावच्या अग्निशमन दलाचा वर्षाचा नाश्ता होता. बंब बाहेर उन्हात उभा करून त्याच्या शेडमध्ये टेबलं मांडली होती, आणि उमेदवारानं तव्यापाशी उभं राहून लोकांच्या ताटात वाढायचं, हा आमच्या नेब्रास्कातला रिवाजच. भोंगा त्याच शेडच्या छपरावर बसवलेला, त्यामुळे तो कानात कमी आणि दाढांत जास्त वाजला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी कालथा खाली ठेवला आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागले. हात आपोआप पाठीमागे गेले. कुठंतरी जायचंय, उशीर झालाय, कुणीतरी खोळंबलंय, असं छातीत धस्स झालं. रांगेतला लाल टोपीवाला म्हातारा म्हणाला, "काय बाई, पळताय कुठं? मतदानाला अजून नऊ दिवस आहेत की!" लोक हसले. मीही हसले, उमेदवाराला हसावंच लागतं. गाठ पुन्हा मारली. तेवढ्यात एक पॅनकेक करपला होता, तो मुकाट्यानं माझ्याच ताटात टाकला.

ही धडधड गाडीत बसले तरी जाईना. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती. भाषणात काही चुकलं होतं का? नाही, भाषण तेच, महिनाभर रोज चार वेळा करते तेच. मी आर्डिथ कुचेरा, ब्रोडी गावच्या पलीकडच्या शेतातली लेक, वगैरे. हे 'शेतातली लेक' पोस्टरवर पण आहे, माझ्या नावाखाली, पिवळ्या अक्षरांत. लिंकन शहरात माझी पस्तीस वर्षं वकिलीत गेली, चौदा वर्षं विधिमंडळात, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी गव्हर्नर व्हायची हौस आलीय. त्यासाठी आधी आपल्याच पक्षातल्या दोघा बाप्यांना हरवायचं. प्रायमरी ती हीच. बाहेरच्या निवडणुकीपेक्षा वाईट, कारण घरचे लोक नेमके कुठे चिमटा काढायचा ते जाणून असतात. ते दोघे म्हणतात, ही कसली शेतातली, हिच्या चपलांना वीस वर्षांत माती लागलेली नाही. मी त्यावर हसून म्हणते, माझ्या भावाला विचारा. टाळ्या पडतात. भावाला विचारायला मात्र आजवर कुणी गेलेलं नव्हतं, आणि गेलं असतं तर तो काय बोलला असता, या विचारानं टाळ्या चालू असतानाच मी पुढच्या मुद्द्यावर उडी मारायचे. माझ्याशी तो बारा वर्षं बोललेला नव्हता.

आणि आज मी त्याच्याकडे जेवायला चालले होते. मंगळवारी ऑफिसातल्या फोनच्या निरोप-यंत्रावर त्याचा निरोप आला होता. "मायलो बोलतोय. रविवारी डिनरला ये. थोडी माणसं असतील." इतकंच, आणि मग बराच वेळ नुसती खरखर, कारण त्या यंत्रावर बोलून झाल्यावर काय करायचं ते त्याला कळलं नसणार. मी दार लावून तो निरोप पाच वेळा ऐकला. आवाज किती म्हातारा झालाय, 'रविवारी' म्हणताना अजून बाबांसारखाच 'र' घोळवतो, मागे एडनावहिनी भांडी वाजवतेय का, आणि ही ऑफिसातली मुलगी बाहेरून विचारतेय, बाई, किती वाजता लिहू? "सहा," मी म्हटलं. डोळे पुसत होते तेव्हा. सहा.

"बाईसाहेब, वृद्धाश्रमात थांबायचं का थेट भावाकडे?" वेंडेलनं विचारलं. वेंडेल प्रुइट माझी गाडी चालवतो. चाळीस वर्षं टपाल वाटलं त्यानं, राज्यातला एकही कच्चा रस्ता त्याला नवा नाही, आणि जिभेला हाड तर नाहीच. मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे. थेट गेलो तर चार तास आधी पोचू, एडनाच्या स्वयंपाकात लुडबुड होईल. "मी आपलं विचारलं," तो म्हणाला, "सकाळपासून तुम्ही घड्याळ बघताय, परीक्षेला बसल्यागत." खिडकीबाहेर काळी नांगरलेली जमीन सरकत होती. मक्याची पेरणी अर्धी झाली होती, पण रविवार म्हणून यंत्रं बांधावर उभी. मी ते बघून मनाशी म्हटलं, पेरणीच्या दिवसांत माणसं जमवतोय मायलो, म्हणजे त्यानं मनावर घेतलंय. त्या तालुक्यात मायलोच्या शब्दाला किंमत आहे. तो कमी बोलतो म्हणून असेल, किंवा त्यानं कधी कुणाला खोटं सांगितलेलं नाही म्हणून असेल. तो माझ्या शेजारी नुसता उभा राहिला तरी ती चार-पाच गावं माझी. खरं सांगू? मतांचा हिशेब मी करत होते, पण तो वरवरचा होता. मला माझा भाऊ परत हवा होता. आई गेली, बाबा गेले, नवरा टिकला नाही, मूल नाही. या जगात मला 'आर्डी' म्हणणारं एकच माणूस उरलंय आणि ते माझ्याशी बोलत नाही, हे रोज सकाळी उठलं की कळायचं.

वृद्धाश्रमात कॉफी होती आणि मी सगळ्यांशी हात मिळवत फिरत होते. खिडकीपाशी एक बाई बसली होती, नव्वदीची तरी असेल, स्वच्छ निळा झगा, केस रोलर लावून बसवलेले. तिनं माझा हात धरला तो सोडेचना. "कुणाची गं तू?" कुचेरांची, मी म्हटलं, ब्रोडीच्या. "आणि डिनर कुठं झालं तुझं?" मी म्हटलं, अजून व्हायचंय, भावाकडे आहे आज, खास बोलावलंय. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन झाले होते. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर अशी कणव आली की मला कळेना, हिला झालं काय. "अगंबाई," ती म्हणाली, "मग तू इथं काय करतेयस? जा ना गं पोरी, जा. बसलेत ना ते!" परिचारिका घाईनं आली, माझ्या कानाशी म्हणाली, त्यांना वेळाकाळाचं भान राहत नाही हो. मी समजूतदारपणे मान हलवली. चांगली पाच मिनिटं तिथं बसून मी त्या बाईची समजूत घातली, काही उशीर झालेला नाही म्हणून.

पुढच्या रस्त्यावर मी झोपेचं सोंग घेऊन डोळे मिटून बसले, आणि डोळे मिटले की नेहमीचं तेच. विधिमंडळाचं सभागृह, फेब्रुवारी, आणि भिंतीवरच्या फळ्यावर पेटत जाणारे दिवे. छोट्या शाळा मोठ्या शाळांत मिसळून टाकायचा कायदा. चोवीस इकडे, चोवीस तिकडे, आणि माझं बटण राहिलेलं. ब्रोडीच्या शाळेत वरच्या चार वर्गांत मिळून तेवीस मुलं होती, पदार्थविज्ञान शिकवायला माणूस नव्हता, हे सगळं खरं होतं आणि अजून खरं आहे. त्याच शाळेत एडना, माझी वहिनी, तिसरी-चौथीला एकवीस वर्षं शिकवत होती, हेही खरं. मी बटण दाबलं. दाबलं त्याचा पस्तावा नाही. पण आदल्या रात्री फोन हातात घेतला होता. मायलोला सांगायचं, मी हे करणार आहे, तुला माझा राग येईल, तरी आधी माझ्या तोंडून ऐक. नंबरचे सात आकडे; सहा फिरवले आणि ठेवून दिला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मायलो-एडनानं ते रेडिओवर ऐकलं, धान्याचे भाव ऐकत जेवत असताना. एडनानं पत्र लिहिलं होतं, तीन ओळींचं. मायलोनं काहीच नाही. त्या वर्षी नाताळला मी गेले तर तो गोठ्यातून बाहेरच आला नाही; गाय अडली होती म्हणे. तेव्हापासून बारा वर्षं त्याच्या गाई अडत होत्या.

मला त्या घरातलं काय काय आठवत होतं! आई जेवायला बोलवायला दाराबाहेर येऊन लोखंडी पट्टी वाजवायची तो आवाज. बाबा आणि मायलो हौदावर हात धुताना साबणाचा पिवळा वास. बाबांच्या कपाळावर टोपीची रेघ, वर पांढरं, खाली तांबडं. आईच्या मानेवरून घाम ओघळायचा, कारण चूल सकाळपासून पेटलेली, आणि बाहेर ऊन डोक्यावर. डोक्यावर! हे मी स्वतः आठवत होते, गाडीत बसून, डोळे मिटून, सगळं जसंच्या तसं: पडद्यांतून टेबलावर सरळ खाली पडलेलं ऊन, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या, जेवण झाल्यावर बाबा पोर्चच्या फळ्यांवर टोपी तोंडावर घेऊन वीस मिनिटं आडवे व्हायचे आणि मग पुन्हा शेतात जायचे. इतकं सगळं आठवूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसाचं डोकं म्हणजे काय चीज आहे, सांगते. आठवणी एका खणात, आणि ऑफिसातल्या मुलीला सांगितलेले 'सहा' दुसऱ्या खणात. मधे दार नाही.

सहाला पाच कमी असताना वेंडेलनं गाडी अंगणात घातली. अंगणात ताज्या चाकांच्या खुणा होत्या, आठ-दहा गाड्यांच्या, आत आलेल्या आणि परत गेलेल्या. कुत्रं भुंकलं नाही, नुसतं उठून उभं राहिलं. मी म्हटलं, अजून कुणी आलेलं दिसत नाही, पहिलाच नंबर आपला.  वेंडेल त्या खुणांकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू लांब होत चालला होता. "बाईसाहेब," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "निरोपात भावानं काय म्हटलं होतं? नेमका शब्द?" डिनर, मी म्हटलं. "सपर नाही? डिनर?" डिनर. "अरे देवा," वेंडेल म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

आता हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं, आणि ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यात मी आहे. आमच्याकडे शेतावर डिनर दुपारी बाराला असतं. दिवसाचं मोठं जेवण ते. संध्याकाळचं असतं ते सपर, हलकं, उरलंसुरलं. डिनरची वेळ कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. सूर्य किती वाजता माथ्यावर येतो हे कोण सांगत बसतं? अठरा वर्षं मी हे दोन शब्द असेच वापरले. मग लिंकनला गेले, आणि तिथले लोक रात्री आठला मेणबत्त्या लावून डिनर करतात. पहिल्यांदा हसू आलं होतं मला, ते आठवतं. मग हसू येणं कधी थांबलं ते आठवत नाही. तो शब्द माझ्या तोंडात बसल्या बसल्या दुपारचा रात्रीचा होऊन गेला आणि मला पत्ता लागला नाही. 'शेतातली लेक' म्हणे! गाडीच्या मागच्या खिडकीत तेच पोस्टर लावलेलं होतं.

"टायर," वेंडेल म्हणाला. "ऐका माझं. टायर फुटला, जॅक नव्हता, सगळा रविवार गेला. मी टायर काढून दाखवतो पाहिजे तर. पंक्चरला कुणी नावं ठेवत नाही." मी उतरले. 

एडनानं दार उघडलं. तिचे केस सगळे पिकलेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "आलीस," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, दमणूक होती. तिच्या खांद्यावरून मला आतलं टेबल दिसलं, जोडफळ्या लावून लांब केलेलं, अजून तसंच, आणि भोवती दुनियेभरच्या खुर्च्या. घरच्या, शेजाऱ्यांच्या, चर्चच्या तळघरातून आणलेल्या घडीच्या. मोजायच्या नाहीत म्हणत होते तरी मोजल्या, सोळा. टेबलाच्या मधोमध एक ताट पालथं घातलेलं, शेजारी काटा-सुरी, शेजारी दुमडलेला रुमाल. भाजलेल्या बदकाचा आणि आंबवलेल्या कोबीचा वास पडद्यांत अजून होता. "आम्ही साडेबारापर्यंत थांबलो," एडना म्हणाली. "मग बदक सुकायला लागलं. शेजारचा ल्यूमिर म्हणाला, येईल ती, खाऊन घ्या. तुझ्या ऑफिसात फोन केला, रविवारचं कोण उचलणार? टायर फुटला का गं?" मी तोंड उघडलं. मागून वेंडेल म्हणाला, "त्याचं असं झालं..." आणि मी हातानं त्याला थांबवलं, पण मीही काही बोलले नाही.  एडनानं तो नुसता हात बघितला आणि स्वतःच 'हो' धरून टाकलं. "तरी मी मायलोला म्हटलं, टायरच असणार. तो तर जेवलाच नाही. पाहुण्यांना बसवलं आणि पिकअपमध्ये जॅक टाकून तुला शोधायला गेला. हमरस्त्यानं तीस मैल गेला, मग म्हणाला, ती जुन्या रस्त्यानं येत असेल, तिला तो आवडायचा, म्हणून त्या रस्त्यानं. तीनला आला. पाहुणे तोवर थांबून थांबून गेले."

मी खुर्चीवर बसले. बारा वर्षं माझ्याशी न बोललेला माणूस, घरात तेरा पाहुणे बसवून, उपाशीपोटी, रस्त्याच्या कडेला माझी गाडी शोधत फिरत होता, आणि मी तेव्हा एका म्हाताऱ्या बाईला समजावत होते की काही उशीर झालेला नाही. रडू येत होतं पण ते आलं नाही. त्याऐवजी मला एक अत्यंत हलकट विचार आला, तो सांगूनच टाकते. मला वाटलं, किती सोपं आहे! सगळ्यांनी ठरवलेलंच आहे. मला खोटं बोलावंसुद्धा लागणार नाही, नुसतं गप्प राहायचं. गप्प राहण्यात तर मी तरबेज.

मायलो गोठ्यातून आला. दारातच त्यानं बूट काढले, टोपी खुंटीला लावली. कपाळावर तीच रेघ. पासष्टाव्या वर्षी तो बाबांहून थोडा बुटका वाटत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, बहुतेक ग्रीस लागलंय का बघायला. "तुला लागलं-बिगलं नाही ना?" तो म्हणाला. बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, नाही. "कुठं फुटला? मी दोन्ही रस्ते बघितले."

"मायलो, टायर नव्हता फुटला," मी म्हटलं.

वेंडेल छताकडे बघायला लागला.

"मग?"

"मला वाटलं डिनर म्हणजे संध्याकाळी."

 एडनानं तोंडावर हात ठेवला. मायलोला पहिल्यांदा कळलंच नाही. मी बघत होते ना, तो शब्द त्याच्या डोक्यात गेला आणि बसायला जागा शोधत फिरला. "संध्याकाळी," तो म्हणाला. "संध्याकाळी तर सपर असतं." एवढ्याशा पोराला सांगावं तसं तो सांगत होता. मी म्हटलं, "माहीत आहे रे. माहीत होतं. विसरले." "असं कसं विसरेल कुणी?" "मलाही कळत नाही. पण विसरले. निरोप मी स्वतः ऐकला, पाच वेळा ऐकला. तुझा आवाज ऐकत होते. आणि वेळ विचारली तर मीच सांगितली, सहा." त्यावर त्यानं दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता गाय अडणार.

तो भिंतीवरच्या फोनपाशी गेला. आकडे फिरवताना त्याचं बोट जाड झाल्यामुळे भोकात अडकत होतं. "ल्यूमिर? मायलो. मी दुपारी टायर म्हणालो होतो. टायर नव्हता. तिला वाटलं संध्याकाळी." थांबला. "हो, डिनर." थांबला. "हो, आमचीच आर्डिथ. हो, विसरली." ठेवला. पुन्हा आकडे. "ओटो? मायलो. ते टायरचं खोटं होतं. मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, मायलो, पुरे. त्यानं फक्त तळहात दाखवला. त्यानं तेरा माणसांना चुकीचं सांगितलं होतं आणि आता तो ते एकेक करून दुरुस्त करत होता. त्याला त्याशिवाय झोप लागली नसती. आठ घरं होती. आठही घरांना त्यानं तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत, कमी नाही जास्त नाही, आणि मी त्या लांब टेबलाशी बसून माझी निवडणूक आठ हप्त्यांत बुडताना ऐकली. उद्या सकाळी धान्याच्या कोठारापाशी हेच, परवा न्हाव्याकडे, बुधवारी तालुक्याच्या पेपरात. गंमत म्हणजे, चौथ्या फोननंतर छातीतली सकाळपासूनची ती धडधड थांबली. पाचव्याला एडना हसली. तोंडावर हात होता तरी खांदे हलत होते, आणि मग तिच्याकडे बघून मलाही आवरेना. "सोळा खुर्च्या गं," ती म्हणाली, "चर्चमधून आणल्या मी!" आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं दोघींच्याही, आणि त्यातलं कुठलं हसण्याचं ते मला सांगता येणार नाही.

शेवटचा फोन ठेवला तोच घंटी वाजली, आणि मायलो ऐकत राहिला. "बरं," म्हणाला आणि ठेवला. "ओटो म्हणतो, आता आलीच आहे ती तर येऊ का." "कोण कोण?" मी विचारलं. "ज्यांना यायचंय ते येतील."

पाच घरांतली माणसं आली, नऊजण. सूर्य खाली गेला होता पण उजेड भरपूर होता, आणि त्यांच्या गाड्यांची धूळ अंगणावर तरंगत राहिली. प्रत्येकानं आत येताना काहीतरी टोमणा मारलाच. "काय बाई, नाश्त्याला आलो का आम्ही?" एकजण म्हणाला. ल्यूमिरची बायको मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवून गेली. एडनानं उरलेलं बदक, कोलाच या गोड पावांची टोपली आणि कॉफी मांडली. मी माझं भाषण डोक्यात उघडून पाहिलं. पहिलंच वाक्य शेतातल्या लेकीचं, आणि ते काढलं तर खाली काहीच उभं राहत नव्हतं. 

मायलोनं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. दुपारसाठी लिहिला असणार, पेन्सिलीनं, दोन्ही बाजूंनी. त्यानं तो उलगडला, वरच्या दोन ओळी मनात वाचल्या आणि पुन्हा घडी घालून खिशात टाकला. मग उभा राहिला. मायलोला मी आयुष्यात कधी चारचौघांत बोलताना पाहिलेलं नाही.

"ही माझी बहीण," तो म्हणाला. "हिनं आपली शाळा बंद केली, आणि ते मला रेडिओवरून कळलं. आज हिनं एडनाचं डिनर चुकवलं. मला दोन्हींचा राग आहे, आणि तो एवढ्यात जाणार नाही. पण आज हिला खोटं बोलायची सोय होती, ती हिनं घेतली नाही. तुम्हाला माहीत आहे, बाबांचा पक्ष तोच माझा पक्ष, चव्वेचाळीस वर्षं, आणि हिचा दुसरा. प्रायमरीत ज्याचं नाव ज्या पक्षात, त्याला त्याच पक्षात मत देता येतं. म्हणून गेल्या महिन्यात मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन मतदार यादीतलं माझं नाव हिच्या पक्षात बदलून आलो. हिच्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी बदललं नसतं."

 ओटोनं कप बशीत ठेवला.

"तुम्ही बदला असं मी म्हणत नाही," मायलो म्हणाला. "शाळेचं काय ते हिला विचारा. आता बोल, आर्डी."

तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. पहिला हात एडनानं वर केला, वर्गात करतात तसा, आणि मी उभी राहिले.